सरपंच माघारी पाठवायची सोय : आमच्या गावानं वापरून बघितली, माझ्याकडून अडीच स्टार

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे त्यानं इथूनच सटकावं. यादीत मतदार २,४८०. मतदान केलं १,३९२ जणांनी. सरपंच जावेत म्हणणारे ६११, राहावेत म्हणणारे ६६४ आणि बाद मतं ११७. सरपंच ५३ मतांनी वाचले आणि बाद मतं त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, आता यातून काय समजायचं ते समजा.

हा रिव्ह्यू सरपंचांचा नाही. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते गावात सगळ्यांना माहितीय आणि त्यांनाही माहितीय. हा रिव्ह्यू त्या सोयीचा आहे जी आपल्याला दिलीय असं सांगतात, की बाबा तुम्ही थेट मतदानानं निवडलेला सरपंच पटला नाही तर गावानंच त्याला घरी पाठवायचं. पेपरवाले कधी कधी राइट टू रिकॉल लिहितात, गावात कुणी तसलं म्हणत नाही, गावात नुसतं "अविश्वास" म्हणतात. अविश्वास आणला, अविश्वास टाकला, अविश्वास पडला, बास. गाव, तालुका, कुणाचंच नाव लिहिणार नाही, मला इथंच राहायचंय.

थोडं मागचं सांगावं लागेल नायतर पुढचं कळणार नाही. पूर्वी आपल्याकडं सदस्य निवडून यायचे आणि ते आपल्यातला एक सरपंच करायचे. २०१७ ला नियम आला की सरपंच थेट जनतेतून, २०२० ला सरकार बदललं आणि तो नियम गेला, २०२२ ला परत सरकार बदललं आणि नियम परत आला. आमची निवडणूक डिसेंबर २०२२ ची, म्हणजे आम्हाला थेट सरपंच मिळाला. आता थेट म्हटल्यावर त्याला काढायचा अधिकार पण थेट पाहिजे ना, तर तिथं कायद्यानं अर्धं अर्धं केलंय. पहिल्यांदा सदस्यांनी तहसीलदारांकडं अविश्वासाची नोटीस द्यायची, मग तहसीलदार पंचायतीची खास सभा लावणार, तिथं तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव पास करायचा, आणि तो पास झाला तरच तो गावापुढं विशेष ग्रामसभेत येणार, तिथं गुप्त मतदान. म्हणजे गावाचं काम फक्त शेवटचा शिक्का मारायचं.

इथंच माझा पहिला स्टार गेला.

कारण काय झालं सांगतो. आमच्या आळीला नळाचं पाणी नाही. पाइप येऊन पडलेत, दोन वर्षं उन्हात पडून त्यांचा निळा रंग विटून पांढरट झालाय, पोरं त्यात बेडूक सोडतात. खड्डा खणला होता तो पण पावसानं आपोआप बुजला. आम्ही पंचवीस तीस घरांनी सह्या करून अर्ज केला, तो घेऊन मी तहसील कचेरीत गेलो की आम्हाला सरपंचावर अविश्वास आणायचाय, तर तिथल्या क्लार्कनं अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "तुम्ही सदस्य आहात का?" म्हटलं नाही, मतदार आहे. म्हणाला मग हे तुम्हाला नाही देता येत. शांतपणे सांगितलं, त्याचं काही चुकलं नाही, कायदाच तसा आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम ३५, त्यात नोटीस द्यायचा हक्क सदस्यांना, मतदाराला नाही. पंचवीस काय, यादीतल्या सगळ्या २,४८० जणांनी सह्या केल्या असत्या तरी नोटीस म्हणून तो कागद रद्दीच.

मी सदस्यांकडं गेलो. आमच्या वॉर्डातले जे आहेत ते नात्यानं माझे मामाच लागतात, ते म्हणाले "भाचे, पाण्यासाठी कुणी अविश्वास आणतं का". आणि खरंच नाही आणला. आणला कधी, तर या वर्षी, आणि त्याचं कारण आमचं पाणी नव्हतं. कारण काय होतं ते मला आजही शंभर टक्के माहित नाही, कुणी म्हणतं पेव्हर ब्लॉकचं बिल अडवलं, कुणी म्हणतं उपसरपंच पदावरून. नोटिशीत लिहिलं होतं "सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करतात". हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक अविश्वासाच्या नोटिशीत असतं, बहुतेक कुठंतरी एकच कोरा नमुना पडलेला असणार आणि सगळे त्यावरच टाइप करून घेत असणार. मला त्यातलं "विश्वासात न घेता" लय आवडतं. तुम्हाला विश्वासात घेतलं नाही ना, आम्हाला तुम्ही तरी कधी घेतलं.

असो, पण त्यांनी नोटीस दिली. आणि खरं सांगू, कायद्यातला हा भाग झकास पळतो. नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत तहसीलदारांनी सभा बोलवायची आणि स्वतः अध्यक्ष म्हणून बसायचं, आणि आमच्याकडं सहाव्या दिवशी सभा लागली पण. सातबाऱ्यावर वारस लावायला जिथं लोक वर्षभर हेलपाटे मारतात तिथं सहा दिवसात सभा म्हणजे मला तर चमत्कार वाटला. अर्धा स्टार याचा.

त्या सहा दिवसात सदस्य गावात नव्हते हे वेगळं सांगायला नको. नोटिशीवर सह्या झाल्या आणि त्याच रात्री दोन गाड्या भरून नऊच्या नऊ जण सहलीला. आधी देवदर्शन, मग कोकण. कुणालाच पत्ता सांगायचा नाही असं ठरलेलं, फोन पण काढून घेतलेले म्हणे, पण एका सदस्याच्या बायकोनं तिसऱ्या दिवशी स्टेटस ठेवलं, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून आमचे लोकप्रतिनिधी समुद्रात उभे आणि खाली लिहिलेलं "निवांत क्षण". अर्ध्या तासात ते स्टेटस गेलं पण तोवर गावच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरून झाला होता. सभेच्या दिवशी त्या गाड्या थेट ग्रामपंचायतीच्या दारात लागल्या, माणसं उतरली, आत गेली, मतदान केलं. आमची पंचायत ११ सदस्यांची, सरपंच धरून १२. नऊ बाजूनं, तीन विरोधात. बाराच्या तीन चतुर्थांश बरोब्बर नऊ. एक जण जरी समुद्रात राहिला असता तर सगळं ओमफस्.

सरपंच पण सभेला होते बरं का, त्यांना बोलायचा आणि मत द्यायचा हक्क असतो. वीस मिनिटं बोलले म्हणे. काय बोलले ते बाहेर कळलं नाही, खिडक्या लावलेल्या.

आता दुसरा भाग, ज्यात आपण येतो.

जिल्हाधिकाऱ्यांनी एक अधिकारी नेमले, विशेष ग्रामसभेची तारीख पडली, रिक्षाला भोंगा बांधून दोन दिवस गावात आणि वाड्यावस्त्यांवर फिरवला. मधले तीन आठवडे गाव कसं होतं विचारू नका. सरपंचांच्या घरी रोज संध्याकाळी पंगत, विरोधी गटाची पंगत शेतातल्या शेडवर, आणि काही हुशार लोक दोन्हीकडं जेवून आले. ज्या पाइपात बेडूक होते ते पाइप एके दिवशी सकाळी उचलून आमच्या आळीच्या तोंडाला आणून रचले, जेसीबी पण आला, अर्धा दिवस उभा राहिला आणि गेला. एवढं मात्र मान्य केलं पाहिजे, की दोन वर्षात जे झालं नाही त्यातलं अर्ध्या दिवसाचं काम या सोयीच्या नुसत्या भीतीनं झालं.

मतदानाच्या दिवशी झेडपीच्या शाळेत दोन खोल्या, एक बाप्यांची रांग आणि एक बायकांची, पोलीस, मांडव, पिण्याच्या पाण्याचा टॅंकर. व्यवस्था एकदम चोख. मला वाटलेलं की ग्रामसभा म्हणजे हात वर करा आणि मोजा असलं काहीतरी, आणि हात वर करायचं असतं तर अर्ध्या गावानं केलाच नसता, कारण समोर भावकी उभी असते आणि कुणाचा हात कुठं गेला ते पुढची दहा वर्षं लक्षात राहतं. पण गुप्त मतदान म्हणजे खरंच गुप्त, पुठ्ठ्याचा आडोसा, फुलीचा शिक्का, घडी घालून पेटीत. यासाठी पूर्ण एक स्टार, यात काटछाट नाही.

आणि आता ती मतपत्रिका.

कागदावर दोन ओळी. वरती "ठरावाच्या बाजूने", खालती "ठरावाच्या विरुद्ध". समोर शिक्क्यासाठी रकाना. बास, ना चित्र, ना फोटो, ना सरपंचाचं नाव. आता तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला पण एक सेकंद थांबावं लागेल. ठराव कसला, अविश्वासाचा. म्हणजे ठरावाच्या बाजूनं म्हणजे सरपंचाच्या विरुद्ध. आणि ठरावाच्या विरुद्ध म्हणजे सरपंचाच्या बाजूनं. आता ही गोष्ट आमच्या आज्जीला समजावून सांगा.

मी समजावली. तीन दिवस समजावली. आज्जीचं मत सरपंचाला होतं, माझ्या उलट, कारण सरपंचांच्या आईची आणि हिची लहानपणापासूनची मैत्री, दोघी एकाच गावच्या माहेरवाशिणी. मी म्हटलं ठीक आहे तुझं मत तू दे, पण नीट दे. "आज्जे, तुला सरपंच ठेवायचाय ना, मग खाली मारायचा शिक्का, ठरावाच्या विरुद्ध." तर म्हणते, "इरुद्ध? मी न्हाई बया त्याच्या इरुद्ध. त्याच्या आयला काय तोंड दाखवू?" म्हटलं अगं सरपंचाच्या विरुद्ध नाही, ठरावाच्या विरुद्ध. म्हणते "ठराव कुणाचा?" म्हटलं त्याला काढायचा. "मग त्याला काढायचा ठराव आन मी इरुद्ध, म्हंजी मी कुणाकडनं?" आणि मला हसू यायला लागलं आणि मग माझं मलाच कळेना की मला कुठं मारायचाय.

रांगेत हेच चाललेलं. दोन्ही गटांची पोरं लांब, ठरवून दिलेल्या रेषेच्या बाहेर उभी राहून "वरती वरती" आणि "खालती खालती" एवढंच ओरडत होती. शेवटी शेवटी निवडणूक सरपंच हवा का नको अशी राहिलीच नाही, वरती विरुद्ध खालती अशी झाली. एक म्हातारबाबा आत जाऊन बाहेर आले आणि म्हणाले दोन्हीकडं मारला, कुणाला वाईट वाटायला नको.

मोजणीला माझा चुलतभाऊ एका बाजूचा प्रतिनिधी म्हणून आत होता, तो सांगतो की बाद झालेल्या ११७ मधे निम्म्याहून जास्त दोन्ही रकान्यात शिक्का असलेली. काही कोरी. एकावर पेनानं लिहिलेलं होतं "पाणी". मी नव्हे. पण ज्यानं कुणी लिहिलं त्याच्या पाया पडावंसं वाटलं. आणि जी १,२७५ मतं वैध धरली त्यातली किती उलटी पडली याचा तर हिशोबच नाही. आज्जीला बाहेर आल्यावर विचारलं कुठं मारलास, तर म्हणाली "जिथं जागा हुती तिथं".

आता मला सांगा हे एवढं अवघड का ठेवायचं. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडात नगरपालिकेच्या अध्यक्षाला परत बोलवायचं मतदान होतं त्याला लोक "खाली कुर्सी, भरी कुर्सी" म्हणतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं, एका खुर्चीवर माणूस बसलेला आणि दुसरी खुर्ची रिकामी. माणूस ठेवायचा तर भरलेल्या खुर्चीवर शिक्का, काढायचा तर रिकाम्या. संपलं. आमची आज्जी डोळे मिटून पण बरोबर मारेल. छत्तीसगडात २००८ ला नवागढ, गुंडरदेही, राजपूर अशा तीन नगर पंचायतींचे अध्यक्ष या रिकाम्या खुर्चीनं खरोखर घरी गेले. उलटं पण होतं, राजस्थानात मांगरोलला २०१२ ला असंच मतदान झालं तिथले अध्यक्ष टिकले. म्हणजे सोय काढणाऱ्याच्याच बाजूची असते असं काही नाही.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्याच राज्यात आडवी बाटली आहे की! गावातलं दारू दुकान बंद करायचं तर मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आमच्या शेजारच्या गावात झालं होतं, एका बाईनं चुकून उभीला शिक्का मारला असं मी ऐकलेलं नाही. आणि त्यात अजून एक मजा बघा, ते मतदान कोण मागू शकतं? गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मागता येतं. सदस्य नको, सरपंच नको, कुणाच्या गाडीत बसून कोकणात जायला नको. मग निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद.

म्हणजे बघा, जे मला पाहिजे होतं ते दोन्ही तिथं आहे. सुरू करायची किल्ली मतदाराच्या हातात आणि कागदावर चित्र. दारूच्या दुकानासाठी जमतं, सरपंचासाठी नाही. हे ज्यानं लिहिलं त्याला दारू दुकानदारापेक्षा सरपंच नाजूक वाटला असेल.

मध्य प्रदेशात गावच्या सरपंचाला तर ही किल्ली मतदाराच्याच हातात आहे, ग्रामसभेच्या एक तृतीयांश मतदारांनी सह्या करून नोटीस द्यायची, मग गुप्त मतदान, आणि एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडली तर सरपंच गेला. हजर असलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे, एकूण मतदारांच्या. म्हणजे सुरू करणं सोपं पण पाडणं अवघड. आमच्याकडं हा नियम असता तर १,२४१ मतं लागली असती आणि पडली ६११, म्हणजे मी हरलोच असतो, पण निदान पाण्यावरून हरलो असतो, कुणाच्या पेव्हर ब्लॉकवरून नाही. (नगरपालिकेच्या अध्यक्षाला मात्र तिथं पण सुरुवात नगरसेवकांनीच करायची, तीन चतुर्थांश, हे आपलं नमूद करून ठेवतो नायतर कुणीतरी खाली येऊन सांगेल.)

आता माझ्या घरातलंच एक प्रकरण आहे जे मला सारखं मागं ओढतं, ते लिहिल्याशिवाय रिव्ह्यू प्रामाणिक होणार नाही. माझी थोरली काकू याच गावची सरपंच होती, साधारण पंधरा अठरा वर्षांपूर्वी, बायकांसाठी राखीव झालं तेव्हा. तेव्हा पंचायत ९ सदस्यांची. सगळ्यांना वाटलेलं काकू सही करेल आणि कारभार काका आणि पुढारी बघतील. काकू सातवी शिकलेली, पण चेक वाचल्याशिवाय सही करायची नाही. ग्रामसेवक, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेबच म्हणायचो, ते चेकबुक घेऊन घरी यायचे, काकू चुलीपुढं बसलेली असायची, राखेचे हात पदराला पुसायची, चेक हातात घ्यायची आणि म्हणायची "भाऊसाहेब, यात आकडा कुठाय?" कोरा चेक असायचा. "आकडा लिवा, मग सही." असं दोनदा झालं, तीनदा झालं, आणि मग अविश्वास. नऊ पैकी सात विरोधात. गावाला कुणी विचारलं नाही, गावापुढं ते आलंच नाही, सदस्यांनी आणलं आणि सदस्यांनी पाडलं. त्या दिवशी संध्याकाळी काकू नेहमीसारखी भाकरी थापत बसली होती, मी कॉलेजला होतो, मी विचारलं काकू वाईट वाटलं का, तर म्हणाली "तवा तापलाय, सरक".

त्यामुळं काढणं सोपं करा असं मी ओरडायला लागलो की मला आधी काकू दिसते. आताच्या कायद्यात ज्या अडचणी मला खुपतात त्यातल्या बऱ्याचशा काकूसारख्यांसाठीच आहेत. निवडून आल्यावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही, आणि मुदत संपायच्या आधीचे सहा महिने पण नाही, म्हणजे साठ महिन्यातले मधले तीसच महिने खिडकी उघडी. तीन चतुर्थांशाची अट. आणि वर ग्रामसभा. काकूच्या वेळी हे ग्रामसभेचं मतदान असतं तर ती राहिली असती, हे मी छातीठोक सांगतो, कारण कोऱ्या चेकची गोष्ट बायकांना पाणवठ्यावर माहित होती. तेव्हा अजून पाणवठा होता.

म्हणून मी हे शेवटचं गावाचं मतदान रद्द करा असं कधीच म्हणणार नाही, उलट त्याला माझा जो एक स्टार आहे तो त्यासाठीच. मला फक्त सुरुवात माझ्या हातात पाहिजे. वाटलं तर मोठी अट घाला, तीस टक्के सह्या मागा, चाळीस मागा, एका मुदतीत एकदाच म्हणा. पण आता जे आहे त्यात मी रागावलो तरी उपयोग नाही आणि सदस्य रागावले की मला रांगेत उभं राहावं लागतं.

ज्यांच्या गावात आता हे होणार असेल त्यांच्यासाठी अनुभवातून काही सांगतो. नोटीस एकदा दिली की मागं घेता येत नाही, त्यामुळं "दबाव टाकायला नुसती देऊन ठेवू" असला खेळ सदस्यांना करू देऊ नका. ठराव फेटाळला गेला तर लगेच परत आणता येत नाही, आमच्याकडं आता उरलेल्या मुदतीत होईल असं मला तरी दिसत नाही. ठराव पास झाला आणि सरपंचाला तो चुकीचा वाटला तर त्याला ७ दिवसात जिल्हाधिकाऱ्यांकडं जाता येतं, त्यामुळं सभेची नोटीस सगळ्यांना मिळाली का, तारखा बरोबर का, हे ज्यांनी आणलाय त्यांनी आधीच बघावं, एवढ्या तेवढ्यावरून सगळं परत शून्यावर येतं. आणि मतदानाच्या आधी एक कोरी नमुना मतपत्रिका मागून घ्या आणि पारावर, देवळात, बचत गटाच्या मीटिंगमधे लोकांना दाखवा. आम्ही हे केलं नाही, दोन्ही गटांनी केलं नाही, सगळे पंगतीत गुंतले. ११७.

शहरात राहणाऱ्या माझ्या मित्रांनी हसू नये. तुमच्या नगरसेवकाला परत बोलवायची तर तुम्हाला कसलीच सोय नाही, ना वरती ना खालती. आमदार खासदाराचं तर सोडाच, जयप्रकाश नारायणांनी १९७४ च्या आंदोलनात मागणी केली होती, अजून तिथंच आहे.

बरं, अविश्वास सोडून मतदाराला स्वतः काय करता येतं हे मला त्या क्लार्कनंच सांगितलं, म्हणून त्याला माझ्याकडून वेगळे पाच स्टार. सदस्यांशिवाय तुम्हाला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अपात्रता, कलम १४. सरपंचानं किंवा सदस्यानं सरकारी जागेवर अतिक्रमण केलं असेल, पंचायतीचा कर थकवला असेल, १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं मूल धरून दोनपेक्षा जास्त मुलं असतील, तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, कुणीही मतदार करू शकतो. आमच्या भागात जेवढे सरपंच अविश्वासानं गेले त्याच्यापेक्षा जास्त अतिक्रमणानं गेलेत, हे आपलं माझं निरीक्षण. दुसरा रस्ता कलम ३९, कामात गैरवर्तन किंवा कसूर केली तर तक्रार विभागीय आयुक्तांकडं, चौकशी जिल्हा परिषदेचे सीईओ करतात आणि आयुक्त पदावरून काढू शकतात. याला मत लागत नाही, सहल लागत नाही, कागद लागतात. आणि वेळ लागतो, तो किती ते बघतोय आता.

म्हणजे मी केलाय तो अर्ज. ग्रामसभा वर्षात चार तरी व्हायला पाहिजेत, आमच्या दोन झाल्या आणि दोन घरी बसून रजिस्टरमधे झाल्या, त्यात माझी पण सही आहे जी मी केलेली नाही. माझी सही मी ओळखतो, मी "र" ला शेपूट काढत नाही. रजिस्टरची नक्कल माहिती अधिकारात काढली, पाइपांचे फोटो जोडले, आधीचे आणि अर्ध्या दिवसाच्या जेसीबीचे पण. सरपंच ५३ मतांनी जिंकलेत हे मला मान्य आहे, पण ग्रामसभा घ्यायची का नाही यावर कुणी मतदान घेतलेलं नव्हतं. आज्जीला सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीच्या पोराचा विषय आहे.

मागच्या सोमवारी टपालानं न पाठवता स्वतः जाऊन दिला. आवक टेबलावरच्या बाईंनी दोन्ही प्रती उलटसुलट बघितल्या, पानं मोजली, म्हणाल्या "काका, पान नंबर घातले नाहीत", मी तिथंच पायरीवर बसून एक ते सत्तावीस नंबर घातले आणि परत रांगेत लागलो. पोच मिळाली, शिक्का आणि आवक नंबर सकट, निळ्या शाईत. पुढं काय झालं की इथंच एडिट करून टाकतो. तोवर अडीच स्टार.